कॅन्सर संशोधनाला सरकारी पैसा: नाशिककरांना त्यातून काय मिळतं?

गोदाकाठ
मावशीला घेऊन गेल्या मंगळवारी पंचवटी एक्स्प्रेसने परळच्या टाटा हॉस्पिटलात जाऊन आलो. हे सहावं वर्ष. आता ती फक्त वार्षिक तपासणीला जाते, तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा धागा रडका होणार नाही याची खात्री बाळगा. नाशिकरोडला गाडीत चढलं की निम्मा डबा ओळखीचा निघतो. रिपोर्टांची जाडजूड फाईल, पोळीभाजीचा डबा, आणि कसारा उतरेपर्यंत कुणीतरी विचारतंच, "कितवी केमो?"

बाहेर बाकावर बसून नंबरची वाट बघताना फोनवर एका अभ्यासाबद्दल वाचलं, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू करायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच. टाटा मेमोरियलने इतर केंद्रांना सोबत घेऊन १,६०० बायकांवर हे तपासलं. २०११ ला सुरुवात झाली, निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाले. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या गटात १०० पैकी साधारण ८६ जणी हयात होत्या, दिलेल्या गटात ९०. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

शंभरात चार हे वाचायला किरकोळ वाटतं. पण वॉर्डात बसून वाचलं की किरकोळ वाटत नाही.

आता प्रश्न. शंभर रुपयांच्या, पेटंट कधीच संपलेल्या औषधावर अकरा वर्षं पैसा कोण लावेल? कंपनी तर नाही. इथे टाटा मेमोरियल सेंटरने लावला, आणि ते चालतं केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर. बजेट आलं की आपण औषधं किती स्वस्त झाली ते बघतो. २०२५-२६ मध्ये ३६ जीवनरक्षक औषधांवरचं सीमाशुल्क काढलं, तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर केंद्रं काढायची घोषणा झाली. उत्तम. पण नवं काही शोधायला किती ठेवले, हे कुणी विचारताना दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

तर्री_जास्त
अणुऊर्जा विभाग? म्हणजे बाँबवाले? मला वाटायचं टाटा हॉस्पिटल टाटांचं आहे. पाटीवर तसंच लिहिलंय की राव.

गोदाकाठ
@तर्री, हॉस्पिटल टाटांच्या ट्रस्टनेच बांधलं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ. २८ फेब्रुवारी १९४१ ला उद्घाटन झालं. १९५७ ला ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ ला अणुऊर्जा विभागाकडे. रेडिएशन, आयसोटोप हे सगळं त्यांच्याच हातातलं असल्याने ते सयुक्तिकही होतं. कोबाल्टने शेक द्यायचं देशी मशीन भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. तर हो, तेच बाँबवाले.

तर्री_जास्त
भाभाट्रॉन! ट्रान्सफॉर्मर्समधला वाटतो.

निफाडचा_बागायतदार
गोदाकाठ भाऊ, मावशीचं बरं झालं हे वाचून आनंद वाटला. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या इकडं संशोधन हा शब्द ऐकला की हसू येतं. पहिलं उपचाराचं बघा. माणूस शेक घ्यायला सहा आठवडे नाशकात खोली करून राहतो, इकडं बाग छाटणीला आलेली असते. महात्मा फुले योजनेत उपचार बसतो, पण येणं-जाणं, खोली, जेवण, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, हे कुठल्या कार्डावर बसवायचं? असल्या वेळी सरकारकडं शंभर कोटी असतील तर ते प्रयोगशाळेत घालायचे का गाडीभाड्यात?

दुसरं. आमच्या वस्तीवर चार वर्षांत चौघं गेले कॅन्सरने. साठ उंबऱ्यांची वस्ती. सगळे म्हणतात फवारणीमुळं. द्राक्षाला हंगामात किती हात बसतात ते तुम्हाला माहीत नसेल. अवेळी पाऊस झाला की मोजायचंच सोडून देतो. यावर संशोधन झालं तर आम्ही म्हणू पैसा कामाचा.

आकडेमोड
बागायतदार दादा, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याने पहिल्याला उत्तर दिलंय बघा.

मी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत मृत्यूचे तक्ते बघितले, डॉक्टर नाही, म्हणून आकड्यांपुरतंच बोलतो. साठ घरांत चार वर्षांत चार मृत्यू हे जास्त आहेत का? सांगता येत नाही. त्यांची वयं काय होती? तंबाखू, मिश्री? एकाच अवयवाचा कॅन्सर होता की चौघांना चार प्रकारचे? फवारणीचा संशय असेल तर चौघांत काहीतरी सारखं दिसायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारच्या तालुक्यात, जिथे द्राक्ष नाही, तिथे साठ घरांमागे किती जातात? ती संख्या हातात नसेल तर वाद नुसता पारावरचा राहतो. शेतकरी म्हणणार फवारणी, औषधवाला म्हणणार तंबाखू, दोघंही घरी जाणार.

ही मोजदाद करायची एक सरकारी यंत्रणा आहे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १९८१ साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. ठरलेल्या भागातल्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद करायची. त्यासाठी माणसं दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, मृत्यूनोंदणीची कार्यालयं फिरतात, एकच माणूस तीन ठिकाणी नोंदला गेला असेल तर दोन नोंदी काढतात, तो खरोखर त्या भागातला रहिवासी आहे का ते बघतात. कारकुनी काम. फोटो काढावा असं त्यात काही नाही.

२०२० साली या कार्यक्रमाचा अहवाल आला, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड अशी केंद्रं होती. नाशिक त्यात नव्हतं. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. जे बार्शीला जमलं ते आपल्याला का नसावं?

कॉलेजरोडचे_काका
नोंदणी म्हणजे संशोधन नव्हे. वह्या भरून कॅन्सर बरा होत नाही.

आकडेमोड
काका, बार्शीचंच सांगतो. तिथले कार्यकर्ते नोंदीसाठी गावोगाव जायचे. मोजायला गेलेला माणूस चावडीवर बसला की बोलणारच: अंगावरून अवेळी जात असेल, पांढरं जास्त जात असेल तर दाखवा, तोंडात पांढरा चट्टा असेल तर दाखवा. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. वह्या भरता भरता झालं हे.

सुलभाताई_निवृत्त
आकडेमोड यांना दुजोरा. मी तीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी शिबिरांत गेली. गर्भाशयमुखाची तपासणी म्हटलं की बायका पदर सावरून उठायच्या. "मला काही होत नाही" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या लोकांनी एक मोठा अभ्यास केला होता. १९९८ ला सुरू झाला, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका त्यात होत्या. तपासणी कशाने? व्हिनेगरने. चायनीजच्या गाडीवर असतं तेच आम्ल, चार टक्क्यांचं. गर्भाशयमुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. संशयास्पद भाग असेल तर पांढरा पडतो. ना लॅब लागते, ना वीज. दहावी झालेल्या मुलींना शिकवून त्यांनी हे केलं. तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली अमेरिकेतल्या मोठ्या परिषदेत हे सांगितलं गेलं. आपल्याकडच्या झोपडपट्टीतल्या बायकांमुळे जगाला कळलं, याचा मला फार अभिमान वाटला होता.

मग कळलं की पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा होता. उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांचा एचपीव्ही (या कॅन्सरमागचा विषाणू) चाचणीचा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला, तिथे पैसा गेट्स फाउंडेशनचा. बायका आपल्या, परिचारिका आपल्या, आजार आपला. पाकीट मात्र परक्याचं.

कॉलेजरोडचे_काका
पाकीट परक्याचं असलं की काय होतं तेही सांगा ना ताई. त्या मुंबईच्या अभ्यासात निम्म्या, म्हणजे ७५ हजारांच्या आसपास बायकांची तपासणी केलीच नाही. माहिती दिली, आजार निघाला तर उपचार देऊ म्हटलं आणि वर्षानुवर्षं कोण मरतं ते मोजलं. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत आधीच माहीत होतं. यावर परदेशी डॉक्टरांनीच टीका केली. गोऱ्या बायकांवर असा प्रयोग झाला असता?

सुलभाताई_निवृत्त
काका, हा मुद्दा मलाही टोचतो, खोटं बोलणार नाही. करणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की तेव्हा आपल्याकडे कुणाचीच नियमित तपासणी होत नव्हती, तेव्हा जे मिळत होतं ते कुणाचं काढून घेतलं नाही. पुढे त्या दुसऱ्या गटालाही तपासणी देऊ केली. तरी ज्या मधल्या काळात गेल्या, त्या गेल्याच. पॅप स्मीअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून लॅबमध्ये तपासणं) गावोगाव चालवणं आपल्याला झेपत नव्हतं, व्हिनेगर झेपेल का हे बघायलाच हवं होतं, एवढं मात्र मी मानते. बाकी तुमच्याशी वाद घालणार नाही.

बॉस्टनचा_इंदिरानगरकर
परक्या पाकिटाबद्दल इथून सांगतो. त्यावर आता विसंबू नका. १९७१ साली निक्सनने कॅन्सरचा कायदा केला, तेव्हापासून अमेरिकेचं सरकार यात जगात सगळ्यात मोठं पैसेवालं आहे. त्यांच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचं वर्षाचं बजेट सात अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे रुपयांत साठ हजार कोटींच्या घरात. पण २०२५ मध्ये सरकारने आरोग्य संशोधनाच्या मुख्य संस्थेचं, एनआयएचचं, बजेट जवळपास ४० टक्के कापायचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात परदेशातल्या सहकारी संस्थांना अनुदानातला वाटा देण्याची जुनी पद्धत थांबवली. व्हिनेगरसारखा अभ्यास आज कुणी मांडला तर तो इथे दारातच अडकेल.

तुलनेसाठी: आपल्या केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाला २०२५-२६ साठी मिळाले सुमारे ३,९०० कोटी, आणि त्यात क्षय, मलेरिया, सगळंच आलं. हां, टाटाचा पैसा अणुऊर्जेतून येतो, काही जैवतंत्रज्ञान विभागातून, म्हणून नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. पण देश म्हणून आपण एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधनावर घालतो. हा आकडा सगळ्या विषयांचा मिळून, रॉकेटं धरून.

निफाडचा_बागायतदार
साठ हजार कोटी. आमचा सगळा द्राक्षपट्टा विकला तरी येणार नाहीत.

धंदेवाईक
सरकारने कशाला पडावं यात? खाजगी कंपन्या अब्जावधी ओततात. नवीन औषधं तिथूनच येतात. सरकारने कर कमी करावा आणि बाजूला व्हावं.

गोदाकाठ
@धंदेवाईक, नवीन औषधं येतात हे खरं. पण कंपनी "आमचं औषध कमी दिलं तर चालेल का?" हा प्रश्न कधी विचारेल का?

टाटाच्याच डॉक्टरांनी विचारला. डोकं-मान-तोंडाच्या, हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरवर निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं औषध आहे. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम. बहुसंख्य भारतीयांच्या आवाक्यात नाही. यांनी तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम दिलं, सोबत रोजच्या स्वस्त गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १०० पैकी १६ जण हयात होते, हा छोटा डोस जोडल्यावर ४३. तंबाखूचा देश आपला, तोंडाचा कॅन्सर आपला, हा प्रश्न आपणच विचारायला हवा होता. विकणारा सांगणार नाही की चमचाभर पुरतं.

सह्याद्रीवेडा
थोडं अवांतर. कंपन्यांच्या नव्या औषधांचा उगमही बघा की. अमेरिकन सरकारच्या पैशाने जगभरातल्या झाडपाल्याचे अर्क तपासायचा कार्यक्रम होता. कशातून काय निघेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९६६ साली वॉल आणि वाणी (होय, आपले मनसुख वाणी) यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन काढलं. पुढे त्यावरून इरिनोटेकान, टोपोटेकान ही कॅन्सरची औषधं झाली. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात भरपूर सापडतं. वास घाण म्हणून नाव नरक्या. आपल्याकडे त्यावर औषध कमी झालं आणि तस्करी जास्त. पोत्यांनी भरून बाहेर गेला नरक्या.

दारातली सदाफुलीही तशीच. कॅनडातले दोन शास्त्रज्ञ मधुमेहावर उपयोग होतो का बघत होते, साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, आणि मग व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही देतात.

तर्री_जास्त
आमच्या आजीच्या सदाफुलीकडे आता आदराने बघणार. (आजी रोज दोन पानं चावते शुगरसाठी, तिला हे सांगू का नको?)

सुलभाताई_निवृत्त
सांगा. आणि पानं बंद करायला लावा. ते झाड विषारी आहे, गंमत नाही.

कॉलेजरोडचे_काका
सगळी आरती चालू आहे म्हणून आठवण करून देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातम्या होत्या की कॅन्सर परत येऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी टाटाने शोधली. द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल आणि तांबं. कुठे आहे ती गोळी? बहुतेक पुरावा उंदरांवरचा होता, आणि टीव्हीवर तर बाजारात आल्यासारखं सांगत होते. सरकारी पैशाने असा गवगवा करायचा असेल तर नको तो पैसा.

पिपेट_आणि_पोहे
काका, त्या बातमीवर आम्ही लॅबमधल्यांनीही डोक्याला हात लावला होता. बऱ्याच शास्त्रज्ञांनी जाहीरपणे सांगितलं की हे फार लवकर बोललं जातंय. उंदरापासून माणसापर्यंत येता येता दहातले नऊ उमेदवार गळतात, आणि तो गळण्याचाच खर्च जास्त असतो. पण त्याच संस्थेच्या लिग्नोकेनला १,६०० बायकांचा आधार आहे. दोन्ही एका तराजूत नका घालू.

मी मूळची सिडकोतली, सध्या बाहेरगावी कॅन्सर पेशींवर पीएचडी करतेय. संस्थेचं नाव विचारू नका. पैसा किती यापेक्षा तो कसा येतो हे सांगते. फेलोशिप २०२३ पासून ३७ हजार झाली, कागदावर छान. माझी गेल्या वर्षी सात महिने आलीच नाही. मग एकदम आली, तोवर बाबांकडून घेतलेले पैसे आणि मैत्रिणीची उधारी. प्रकल्पाचा हप्ता जानेवारीत जमा होतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून हिशोब द्यायचा, नाहीतर पुढचा हप्ता अडतो. प्रयोगाला लागणारी अँटिबॉडी परदेशातून बर्फात येते. सुट्ट्या लागून आल्या, विमानतळावर अडकली, बर्फ वितळला, ७० हजारांचं पाणी झालं. त्याचा हिशोब कुठल्या रकान्यात टाकायचा? यंत्रं सरकारी पोर्टलवरूनच घ्यायची सक्ती २०२५ च्या जूनमध्ये सैल केली, तेव्हा आम्ही वडापाव वाटले होते.

पन्नास हजार कोटींच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचं ऐकलं असेल. २०२३ चा कायदा. त्यातला मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून यायचाय, हे मथळ्यात नसतं.

तरी सांगते, मुंबईच्या आयआयटीतल्या लॅबमध्ये सुरू झालेली कार-टी थेरपी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायची) २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे तीस-चाळीस लाख. अजूनही आपल्यासारख्यांना परवडत नाहीच, पण कोटीवरून लाखावर आलं. त्याच्या सुरुवातीला सरकारी अनुदान होतं.

निफाडचा_बागायतदार
पोरी, सात महिने पगार नाही आणि तू तिथं टिकून आहेस? आमचा सालगडी सात दिवस थांबत नाही.

@आकडेमोड, तुमचं वाचून दोन रात्री झोप लागली नाही नीट. नोंदणी आणायची तर नेमकं मागायचं काय आणि कुणाकडं?

आकडेमोड
दादा, आपल्याकडे तसं सगळं आहे. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, १९९८ पासून. राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली. शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालय, शिवाय सिव्हिल, खाजगी कॅन्सर रुग्णालयं, डझनावारी लॅब. रुग्ण कुठेतरी नोंदला जातोच, फक्त सगळ्या नोंदी एका वहीत येत नाहीत. मागणी अशी करावी: नाशिक जिल्ह्यासाठी लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी, पाच वर्षांचा खात्रीचा पैसा, आणि रुग्णाचा व्यवसाय, गाव, कुठल्या पिकात काम करतो याचा रकाना. आरोग्य विद्यापीठ, आयसीएमआर आणि आपले खासदार, तिघांना पत्र. मी मसुदा करतो. आणि घाई करून "फवारणीमुळे कॅन्सर" असं पत्रात लिहायचं नाही. ते मोजून झाल्यावर.

कॉलेजरोडचे_काका
मसुदा मला दाखवा, शुद्धलेखन मी बघतो. सही करीन. कुंभासाठी रस्ते उकरायला पैसा आहे, चार कारकुनांना नसेल तर बघू.

निफाडचा_बागायतदार
आज ग्रामपंचायतीत जाऊन आलो. ग्रामसेवक भाऊसाहेब ओळखीचे, त्यांना म्हटलं, मृत्यूची नोंदवही दाखवा. आमच्या वस्तीवरचे ते चौघं शोधले.

एकाचंच कारण कॅन्सर लिहिलंय, तोही नाशकात दवाखान्यात गेला म्हणून. तिथून कागद आला होता. बाकीचे तिघं शेवटी घरी आणले होते, घरीच गेले. एकाच्या पुढं "अशक्तपणा" आहे. एकाच्या पुढं "हृदय बंद". माझ्या सख्ख्या चुलत्याच्या पुढं "वृद्धापकाळ" लिहिलंय. ते बावन्न वर्षांचे होते. नोंद द्यायला मीच गेलो होतो तेव्हा, अंगठ्याशेजारी सही माझी आहे. काय सांगितलं होतं मी, आता आठवत नाही.

मसुदा पाठवा दादा. सह्या मी आणतो.